पाळणा, सागवानी, नग एक

लातूर–निलंगा गाडीवर एकवीस वर्षं तिकिटं फाडणाऱ्या ईश्वरप्पानं एका संग्रहालयाची स्थापना केली, असं त्या संग्रहालयाच्या दाराशी पितळी पाटीवर कोरलेलं आहे. पाटीवरचं मराठी माझं. ‘स्थापना केली’ असं मी लिहिलं, कारण ‘सामान ठेवलं’ असं पितळेत कोरायला सरकारी खातं परवानगी देत नाही. ईश्वरप्पाला विचाराल तर तो आजही म्हणेल की आपण नुसतं सामान ठेवलंय, ज्याचं त्यानं घेऊन जावं.

मी श्रीपाद. लातुरातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. ज्या शहरात रिक्षावालासुद्धा तुमच्या पोराला बायोलॉजीत किती पडले ते विचारतो, तिथं मराठीचा प्राध्यापक म्हणजे लग्नातला लांबचा काका. पानावर बसवतात, पण मत कुणी विचारत नाही. माझा खरा उपयोग लोकांना एकाच कामासाठी झाला, तो म्हणजे अर्ज लिहायला. ईश्वरप्पा माझ्याकडे आला तोही अर्जासाठीच, आणि पुढं जे काही झालं त्यात निम्मी चूक माझ्या मराठीची आहे.

ईश्वरप्पा मूळचा तेरणेकाठच्या कवठाळीचा. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात गणपती बुडवून गाव झोपलं, त्या रात्री तो मुक्कामी गाडीवर होता, म्हणून वाचला. सकाळी गाडी कवठाळीकडं वळली तेव्हा रस्ता होता, फाटा होता, फाट्यावरचा पिंपळ होता. गाव नव्हतं. गाडीतल्या सात प्रवाशांनी कवठाळीचं तिकीट काढलं होतं आणि कवठाळी आली म्हणून घंटी कुठं मारायची हे त्याला कळेना. हे तो मला सांगतो तेव्हा हसतो, आणि त्याच्या हसण्याचा मला राग येतो. त्याची आई त्या ढिगाऱ्यात होती.

पुढं सरकारनं गाव तीन किलोमीटर सरकवून नवं वसवलं. चौकोनी घरं, सरळ रस्ते, घरांना नंबर. दीड हात जाडीच्या दगडी भिंतींच्या वाड्यांतून वाचलेलं सामान त्या दोन खोल्यांत मावेना. शिवाय ते डोळ्यांसमोर नको होतं, आणि टाकवतही नव्हतं. तेव्हा लोक ते ईश्वरप्पाला द्यायला लागले, कारण त्याच्याकडं गाडी होती. गाडी महामंडळाची, पण टप त्याचा. घंगाळं, हंडे, समया, दाराच्या कोरीव चौकटी, सांडग्यांच्या बरण्या, कुणाचा तबला, असं सगळं टपावर चढायचं आणि लातूरला उतरायचं. प्रत्येक नगाचं लगेजचं तिकीट तो स्वतः काढायचा. आपल्या आईची खलबत्त्याची जोडी आणली तेव्हासुद्धा त्यानं तिकीट फाडलं होतं.

लातुरात वीरण्णा नावाच्या अडत्याची जुनी वखार रिकामी पडली होती. वीरण्णा ईश्वरप्पाचा दूरचा पाहुणा. भूकंपानंतर वर्षभर सगळेच दानशूर झाले होते, त्या भरात त्यानं वखारीची किल्ली देऊन टाकली. तिथं ईश्वरप्पानं सामान मांडलं आणि प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. कुठून, कुठपर्यंत, कुणाचं. ‘कवठाळी ते लातूर, गुरुपादप्पा तेली यांचं घंगाळ.’ कालखंड, शैली, राजवट यांतलं काही नाही. आणि ज्याला पाहिजे त्यानं आपलं सामान खुशाल न्यावं. लेकीच्या लग्नाला हंडे लागले, न्या. गौरीला समया लागल्या, न्या. जाताना तो जुन्या रद्द तिकिटाचा अर्धा तुकडा हातात द्यायचा, अर्धा खिळ्याला लावायचा. वीस वर्षांत एक वाटी हरवली नाही. उलट वस्तू परत यायच्या त्या चिंचेनं घासून लख्ख होऊन.

एकच नग असा होता की जो एकदाही बाहेर गेला नाही. तो म्हणजे नीलम्माचा पाळणा.

सागवानी, चौकटीला टांगलेला, पितळी कड्यांचा, कडेला दोन लाकडी पोपट. एका पोपटाची चोच तुटलेली. नीलम्मा ही कवठाळीतलीच, ईश्वरप्पाच्या गल्लीतली. त्या रात्री तिची तीन वर्षांची शिवानी आजीजवळ अंगणात झोपली होती आणि आठ महिन्यांचा मुलगा ह्या पाळण्यात. पाळण्याला फारसं काही झालं नाही. मुलगा उठला नाही.

तिनं तो पाळणा पंचाण्णव साली ईश्वरप्पाच्या गाडीवर चढवला. घरात ठेववत नव्हता आणि मोडायला तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. पाळणा रिकामा पाठवू नये म्हणून तिनं आत वरवंटा फडक्यात गुंडाळून निजवला. आमच्या कर्नाटक सीमेकडं बारशाला असा वरवंटा आधी पाळण्यात घालतात, त्याला लाडानं गुंडप्पा म्हणतात. जाताना ती एवढंच म्हणाली की शिवानीच्या लेकरासाठी ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. ईश्वरप्पानं तसं चिठ्ठीवर लिहिलं: ‘शिवानीच्या लेकरासाठी रिझर्व्ह.’

दरम्यान लातूर डॉक्टर तयार करायला लागलं. साऱ्या मराठवाड्यातून, माहूर-भोकरपासून पोरं येऊ लागली. ज्याच्याकडं चार भिंती होत्या त्यानं त्यांत बाक टाकले, ज्याच्याकडं गच्ची होती त्यानं तिथं पत्रे ठोकून मेस काढली. वीरण्णाच्या वखारीच्या डाव्या हाताला केमिस्ट्री उभी राहिली, उजव्या हाताला फिजिक्स. मधे आमची घंगाळं. वीरण्णा सभ्य माणूस, त्यानं बावीस वर्षं कळ काढली. मग एक दिवस तो आला, सांडग्यांच्या बरण्यांकडं पाहत उभा राहिला आणि म्हणाला की इथं दोनशे पोरांची बॅच बसते. त्यानं ते दुःखानंच सांगितलं.

निवृत्त झालेला ईश्वरप्पा त्याच संध्याकाळी माझ्या दारात. सरकार म्हणे प्रादेशिक संग्रहालयांना मान्यता देतं, मान्यता मिळाली की जागा सरकार सांभाळतं. “सर, लिहून द्या. तुमचं मराठी सरकारला कळतं.”

इतकी वर्षं माझं मराठी कुणालाच कळलं नव्हतं. मी फुललो. चौदा पानांचा प्रस्ताव लिहिला. कंदुरीच्या जेवणाच्या हंड्याला मी ‘सामूहिक भोजनसंस्कृतीचा धातुसाक्षी’ म्हटलं. देव मला क्षमा करो. प्रस्तावाबरोबर प्रत्येक मालकाचं पत्र लागत होतं: वस्तू संस्थेस कायमस्वरूपी दान केली असून तीवर माझा व माझ्या वारसांचा हक्क राहिलेला नाही. ईश्वरप्पा म्हणाला, “दान कुठं केलंय? ठिवायला दिलंय.” मी त्याला समजावलं की हा नुसता नमुना आहे, सरकारची भाषा अशीच असते, कागदावर दान आणि व्यवहारात आपलंच. आम्ही दोघं कवठाळीला गेलो आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या सह्या, अंगठे घेऊन आलो. कुणी वाचलं नाही. ईश्वरप्पानं आणलंय म्हणजे तिकीटच असणार, असा त्यांचा समज. नीलम्मानं मात्र अंगठा उठवण्याआधी विचारलं की पाळणा मिळेल ना. मिळेल, असं मी म्हणालो. ईश्वरप्पा नाही, मी.

पाहणीचे साहेब आले ते वैशाखातल्या दाट तिथीला. त्या एका दिवशी नव्या कवठाळीत चार लग्नं होती, आणि निम्मं संग्रहालय मांडवात होतं. साहेब तरुण, अभ्यासू, आपल्या कामावर प्रेम असलेला माणूस. रिकाम्या जागा आणि खिळ्याला लटकणारी अर्धी तिकिटं पाहून त्यांनी विचारलं, वस्तू कुठं आहेत. ईश्वरप्पा शांतपणे म्हणाला, “ड्युटीवर हैत.”

मी घाईनं सांगितलं की स्वच्छता आणि संवर्धनासाठी तज्ज्ञांकडं पाठवल्या आहेत. एका अर्थी ते खरं होतं, कारण कवठाळीच्या बायकांइतकी भांडी लातूर जिल्ह्यात कुणी घासत नाही.

साहेबांची कळी खुलली ती पाळण्यापाशी. फडकं सोडून त्यांनी आतला वरवंटा बाहेर काढला, उजेडात धरला, अंगठा फिरवला. कुठं सापडला म्हणाले. कवठाळीत. कशाखाली? ढिगाऱ्याखाली, ईश्वरप्पा म्हणाला, आणि तेही खरंच होतं. साहेब टिपून घ्यायला लागले तेव्हा ईश्वरप्पानं प्रामाणिकपणे सांगितलं की हा चटणी वाटायचा वरवंटा आहे. साहेब समजूतदारपणे हसले. ग्रामीण भागात प्राचीन अवजारं आजही अशीच वापरात असतात, म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात मान्यता आली. वखार खात्यानं भाड्यानं घेतली, वीरण्णानं पेढे वाटले. काचेची कपाटं आली, दिवे आले, पितळी पाटी आली. ईश्वरप्पा मानद काळजीवाहक झाला. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काढून छापील पट्ट्या लागल्या. वरवंटा एका स्वतंत्र काचपेटीत गेला: ‘प्रस्तर अवजार, कालखंड अनिश्चित’. पाळण्याच्या चिठ्ठीवरचं रिझर्व्हेशन गेलं आणि तिथं आलं: ‘पाळणा, सागवानी, नग एक. हात लावू नये.’ रिकामा पाळणा तसा काचेत टांगलेला पाहून ईश्वरप्पाला रोज कसंतरी व्हायचं. वरवंटा परत आत ठेवू द्या म्हणून त्यानं तोंडी विचारून पाहिलं. दोन वेगळ्या कालखंडांच्या वस्तू एकत्र ठेवता येत नाहीत, असं उत्तर आलं.

त्या वर्षी कवठाळीत लग्नाला भाड्याचे स्टीलचे हंडे आले. लोक ईश्वरप्पाला काही बोलले नाहीत, पण चहाला थांब म्हणणं कमी झालं. निवृत्तीनंतरही ज्या गाडीत लोक त्याला जागा धरून ठेवत होते त्या गाडीत तो उभ्यानं जायला लागला.

आणि मग शिवानीला दिवस राहिले. लग्नाला पाच वर्षं झाली होती. पहिलटकरीण, म्हणून बाळंतपण माहेरी, आणि बारसंही माहेरीच, कवठाळीत. मुलगी झाली. चौथ्या दिवशी नीलम्मा लातूरला आली, तिकीट काढून रांगेतून आत आली, काचेसमोर उभी राहिली. मी तिथंच होतो.

“अण्णा, पाळणा न्यायला आलेय.”

ईश्वरप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी काचेकडं पाहिलं. मग मीच तिला समजावून सांगायला लागलो: मान्यता, दानपत्र, नियम. आता भाड्यानं फार सुरेख पाळणे मिळतात, पंखा लावलेले, गाणं लावलेले. शिवानीच्या सासरचे तेच म्हणत होते म्हणे, तो पाळणा नको, त्यात अशुभ झालंय. नीलम्मा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “अशुभ पाळण्यात न्हाई झालं, घरात झालं. घर तर सरकारनं नवं दिलं ना? मग पाळण्यानंच काय केलंय?” आणि ईश्वरप्पाकडं वळून म्हणाली, “तुमी म्हणलं व्हतं मिळंल.”

म्हटलं मी होतं. ईश्वरप्पा खाली मान घालून म्हणाला, “व्हय, म्हणलं व्हतं.” मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की आयुष्यात पूर्वी तशी वाटल्याचं आठवत नाही.

मी अर्ज केला. एक दिवसासाठी पाळणा मिळावा. आठ दिवसांत उत्तर आलं, खातं तसं तत्पर आहे. वस्तू तात्पुरती हवी असल्यास मागणी करणारी संस्था मान्यताप्राप्त संग्रहालय असावी. नीलम्माचं घर नंबर एकशे सोळा हे मान्यताप्राप्त संग्रहालय नव्हतं. ईश्वरप्पानं उत्तर वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. किल्ली त्याच्याच करगोट्याला होती. कुलूप काढ आणि ने, असं मी म्हणून पाहिलं. तो म्हणाला, “बिगर तिकीट कसं न्यायचं, सर?” एवढ्या सगळ्या प्रकारात नियम पाळणारा तो एकटाच होता, आणि सगळ्यात जास्त अडकलेलाही तोच.

बारसं बाविसाव्या दिवशी ठरलं होतं. सतराव्या दिवशी खात्याचं दुसरं पत्र आलं, रागाचं. मान्यतेच्या अटीनुसार वर्षातून दोन फिरती प्रदर्शनं ग्रामीण भागात भरवणं बंधनकारक असून आपण एकही भरवलेलं नाही, खुलासा करावा. ईश्वरप्पा घाबरला. मी ते पत्र तीनदा वाचलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत सरकारी मराठी वाचून मला कधी आनंद झाला नव्हता, तो त्या दिवशी झाला.

त्याच दुपारी प्रस्ताव गेला. ‘लोकजीवनातील पाळणा: प्रात्यक्षिकासह एकदिवसीय फिरते प्रदर्शन. स्थळ: कवठाळी, घर क्रमांक ११६.’ मंजुरी तिसऱ्या दिवशी. साहेबांनी फोन करून विशेष कौतुक केलं, प्रात्यक्षिकाची कल्पना फार नावीन्यपूर्ण आहे म्हणाले, आणि प्रमुख पाहुणे म्हणून स्वतः यायचं ठरवलं. पाळणा त्याच दिवशी परत काचेत गेला पाहिजे, एवढी एक अट. ईश्वरप्पानं टेंपोत पाळणा चढवला आणि जुन्या सवयीनं लगेजचं तिकीट काढायला खिसा चाचपला.

असं बारसं कवठाळीत पूर्वी झालं नव्हतं. दारावर तोरण, त्यावर खात्याचं बॅनर. पाहुण्यांनी आधी स्वाक्षरीवहीत नाव लिहायचं, मग बाळंतिणीला भेटायचं. साहेबांनी दीपप्रज्वलन केलं, जंगमस्वामींनी बाळाला विभूती लावली, दोघांनाही एकाच रंगाचा फेटा. खरा वरवंटा मंजूर यादीत नव्हता, म्हणून शेजारणीचा आणला. बायकांनी तो सजवून पाळण्याखालून इकडून तिकडं दिला तेव्हा साहेब वहीत भराभर लिहीत होते. मग शिवानीनं मुलीला निजवलं, पाच बायकांनी कानात नाव सांगितलं, मराठीत एक पाळणा झाला, कानडीत एक झाला, आणि गाण्यागाण्यातच पोर गाढ झोपी गेली.

जेवणं झाली. अडीच वाजले. टेंपोवाल्यानं इंजिन सुरू केलं. साहेबांना पाचच्या आत पाळणा काचेत पाहून सही करायची होती. ते अदबीनं म्हणाले की बाळाला हलकेच उचललं तर बरं. शिवानी पुढं झाली. नीलम्मानं तिचं मनगट धरलं.

“उठवू नको. तिचं ती उठू दे.”

साहेबांनी घड्याळ दाखवलं. तिनं घड्याळाकडं पाहिलंच नाही. ती पाळण्याशेजारी जमिनीवर बसली होती, दोरी हातात नव्हती, हात गुडघ्यांवर. डोळे त्या पोरीच्या पोटावर, वरखाली होणाऱ्या दुपट्यावर. खोलीतल्या म्हाताऱ्या बायकांना आधी कळलं. एकेक करून त्या गप्प झाल्या. मग मला कळलं. साहेबांनी ईश्वरप्पाला विचारलं की काय झालं, आणि ईश्वरप्पानं त्यांना बाजूला नेऊन दोन वाक्यांत सांगितलं. साहेब परत आले ते बूट काढून, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

ज्या माणसानं आयुष्यात कुणासाठी गाडी अर्धा मिनिट थांबवली नाही, त्यानं बाहेर जाऊन टेंपोचं इंजिन बंद करायला लावलं.

तीन वाजले, साडेतीन वाजले. कुणी उठून गेलं नाही. चारला दहा कमी असताना पोरीनं आळस दिला, तोंड वाकडं केलं आणि सगळं घर दणाणेल असा टाहो फोडला. नीलम्मानं दोन्ही हात आत घालून तिला वर घेतलं, छातीशी धरलं. मग म्हणाली, “न्या आता, अण्णा.”

लातूरला पोचायला साडेसहा झाले. साहेबांनी वेळेच्या रकान्यात पाच लिहून सही केली. अहवालाचा नमुना त्यांनी माझ्यापुढं सरकवला. शेवटचा रकाना होता, ‘प्रात्यक्षिकाचे फलित’. मी पेन उघडलं. ईश्वरप्पानं ते माझ्या हातातून घेतलं आणि आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: लेकरू उठलं.